ली नदीकाठची माती: दूषित जमिनीवर लंडनने सरकारी पैसा कसा लावला आणि तो कुठे अडकला

पूर्व लंडनमध्ये स्ट्रॅटफर्डजवळ ली नदीचे खालचे खोरे न्यूहॅम, टॉवर हॅम्लेट्स, हॅकनी आणि वॉल्थम फॉरेस्ट या चार बरोंच्या, म्हणजे लंडनमधल्या स्थानिक पालिकांच्या, सीमेवर येते. ६ जुलै २००५ रोजी २०१२ चे ऑलिम्पिक लंडनला मिळाले, तेव्हा त्यासाठी इथलीच सुमारे अडीच चौरस किलोमीटर जागा धरलेली होती. पुढच्या सात वर्षांत ती ताब्यात घेऊन, साफ करून, तिच्यावर मैदाने आणि घरे उभी राहिली. या प्रकरणाकडे बहुतेकदा खेळांच्या खर्चाच्या अंगाने पाहिले जाते. इथे आपण फक्त जमिनीचा हिशेब पाहू: माती कोणी, कोणत्या पैशाने आणि कोणत्या पद्धतीने साफ केली आणि वाढलेली किंमत कोणाच्या पदरात पडली.

जमीन अशी का झाली?

१८४४ च्या इमारत कायद्याने लंडनच्या हद्दीत दुर्गंधी आणि धोक्याच्या धंद्यांवर बंधने आली. त्या बाजूची हद्द होती ली नदी. साहजिकच रसायने, साबण, रंग, खते, हाडे उकळणे असले धंदे नदीच्या पलीकडच्या काठावर गेले. पुढे गॅसचे कारखाने आणि रेल्वेची कार्यशाळा आली, कचराभूमी झाली आणि दुसऱ्या महायुद्धात बाँबने पडलेल्या घरांचा राडारोडाही याच दलदलीत भरला गेला. त्यामुळे वरचे काही मीटर म्हणजे मूळ जमीन नव्हतीच, दीडशे वर्षांचा मिश्र भराव होता. त्यात डांबर, तेल, शिसे, आर्सेनिक, सायनाइड, ॲस्बेस्टॉस आणि क्लोरीनयुक्त द्रावके होती. त्याखाली गाळ, नदीची वाळू-खडी आणि खाली खडूच्या दगडातले भूजल. ली आणि तिचे फाटे या सगळ्यातून वाहतात, म्हणून मातीतले विष पाण्यातही उतरलेले होते.

ब्रिटिश कायद्यात ‘ज्याने घाण केली त्याने भरावे’ हे तत्त्व आहे. पर्यावरण संरक्षण कायदा १९९० च्या ‘भाग २-अ’मध्ये ते लिहिलेले आहे आणि इंग्लंडमध्ये ते २००० पासून लागू झाले. आधी प्रदूषण करणारा शोधायचा. तो सापडला नाही तर सध्याचा मालक किंवा ताबेदार. तोही जबाबदार धरता येत नसेल तर जागा ‘अनाथ’ ठरते आणि खर्च सार्वजनिक तिजोरीवर येतो. शंभर वर्षांपूर्वी बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याकडून काय वसूल करणार? शिवाय या कायद्याची पट्टी सध्याच्या वापराला होणाऱ्या धोक्याची आहे. गोदाम आहे तोवर जमीन ‘पुरेशी सुरक्षित’ असू शकते, घरे बांधायची म्हटली की नाही. नव्या वापरामुळे लागणारी सफाई नियोजन परवानगीच्या अटींतून, म्हणजे बांधणाऱ्याच्या खिशातून, करून घेतली जाते.

बांधणाऱ्याला ते परवडत नाही, हीच सगळीकडची अडचण. साफ केलेल्या जमिनीच्या भावापेक्षा सफाईचा खर्च जास्त असेल तर कोणी हात लावत नाही. ही दरी भरून काढणारे अनुदान इंग्लंडमध्ये होते. पण डिसेंबर १९९९ मध्ये युरोपीय आयोगाने त्या योजनेला सरकारी मदतीच्या नियमांविरुद्ध ठरवले आणि खासगी विकासकाला थेट पैसे देण्याची वाट अरुंद झाली. उरली ती करसवलत: २००१ पासून कंपनीला दूषित जमिनीच्या सफाईचा खर्च कॉर्पोरेशन करात दीडपट दाखवता येतो. ज्याला आधीच नफा आहे त्याला हिचा सर्वांत जास्त उपयोग. ली खोऱ्यातल्या शेकडो तुकड्यांच्या, वीजवाहिन्या आणि कालव्यांनी चिरलेल्या जमिनीला तिचा काही उपयोग नव्हता.

आधी मालकी

म्हणून लंडनने अनुदान न देता जमीनच विकत घेतली. महापौरांच्या हाताखालची विकास संस्था लंडन डेव्हलपमेंट एजन्सी, म्हणजे एलडीएने, सक्तीच्या संपादनाचा आदेश काढला. तो डिसेंबर २००६ मध्ये मंजूर झाला आणि जुलै २००७ मध्ये जमीन ताब्यात आली. दोनशेहून अधिक व्यवसाय हलले. क्लेज लेन वसाहतीतले चारशेच्या वर रहिवासी घराबाहेर पडले आणि मॅनर गार्डन्सचे भाजीचे वाफे गेले. ही किंमत कोणत्याही ताळेबंदात नीट बसत नाही, आणि ती मोजल्याशिवाय या प्रकरणाला यशस्वी म्हणू नये.

संपूर्ण पट्टा एकाच हातात आल्याचा तांत्रिक फायदा मोठा होता. प्लॉट प्लॉट करून साफ केलेली जमीन भूजलामुळे शेजारच्या प्लॉटमधून पुन्हा बिघडते. एका ठिकाणी खोदलेली माती दुसरीकडे भरावाला वापरायची तर दोन्ही जागांचा मालक, परवाना आणि निकष एक असावे लागतात. इथे ते होते.

तोटाही याच टप्प्यावर झाला. इंग्लंडच्या संपादन पद्धतीत ताबा आधी घेता येतो आणि भरपाईचा आकडा नंतर ठरतो. दावा न्यायाधिकरणाकडे नेण्यासाठी सहा वर्षांची मुदत असते. भरपाईत जमिनीच्या बाजारभावाबरोबर धंदा हलवण्याचा खर्च आणि नुकसानही धरतात. म्हणजे खरेदी झाल्यावरही कित्येक वर्षे देणी उगवत राहतात. ती वेळच्या वेळी पुस्तकात धरली नाहीत तर खड्डा पडतो, आणि तसा तो पडला: २००९ मध्ये एलडीएच्या ऑलिम्पिक जमिनीच्या हिशेबात १५.९ कोटी पौंडांची तरतूदच नसल्याचे उघड झाले. मातीतल्या अनिश्चिततेसाठी सगळ्यांनी राखीव निधी ठेवला, कागदावरच्या अनिश्चिततेसाठी ठेवला नाही.

पैशाची रचना

बोलीच्या वेळी खेळांसाठीच्या सार्वजनिक निधीचा अंदाज २४० कोटी पौंडांच्या आसपास होता. मार्च २००७ मध्ये सुधारित पॅकेज जाहीर झाले ते ९३२.५ कोटींचे. त्यात केंद्र सरकारचे ५९७.५ कोटी, राष्ट्रीय लॉटरीचे २१७.५ कोटी, लंडनच्या महापौरांकडून ९२.५ कोटी आणि एलडीएकडून २५ कोटी. महापौरांचा वाटा मुख्यतः कौन्सिल टॅक्सवरच्या, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या करावरच्या, अधिभारातून यायचा होता: मधल्या किमतीच्या, ‘ड’ गटातल्या घरावर वर्षाला २० पौंड. लंडनकराच्या बिलात ही रक्कम दिसत होती, हे चांगले. मागाहून गुपचूप कापलेल्या पैशापेक्षा बिलात छापलेल्या पैशाचा जाब लोक जास्त विचारतात.

आकडा इतका का फुगला? सुरक्षा आली, खासगी भागीदारीचे अंदाज आटले, सुमारे ८४ कोटींचा व्हॅट आधी धरलाच नव्हता, आणि २७४.७ कोटींचा आकस्मिक निधी नव्याने ठेवला. हा आकस्मिक निधी बांधकाम करणाऱ्या ऑलिम्पिक डिलिव्हरी ऑथॉरिटीच्या, म्हणजे ओडीएच्या, खिशात सरसकट टाकला नव्हता. मोठा भाग सरकारने आपल्याकडे धरून ठेवला आणि कारण दाखवल्यावरच सोडला. दूषित जमिनीच्या कामात ही शिस्त फार महत्त्वाची. खोदल्यावर नवे काही निघणार हे निश्चित असते. पण आकस्मिक निधी ठेकेदाराच्या हाताशी असेल तर ‘नवे काही’ रोजच निघू लागते.

जमीन मोकळी करण्याच्या कामाला २००७ च्या आधार-अंदाजपत्रकात ३६.४ कोटी पौंड होते. यात पाडकाम, खोदाई, सपाटीकरण आणि मातीची सफाई सगळे आले. एकूण पॅकेजच्या हे जेमतेम चार टक्के. डोक्यावरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या वीजवाहिन्या दोन ६ किलोमीटरच्या बोगद्यांत घालून ५२ मनोरे उतरवण्याच्या कामालाच सुमारे २५ कोटी लागले. ‘विषारी जमीन’ म्हटले की डोळ्यांपुढे सफाईचा खर्च येतो, पण शहरी जागेत जमिनीची खरेदी, पूल, रस्ते आणि वाहिन्या यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो. फक्त सफाईला अनुदान देणाऱ्या योजना म्हणूनच अर्ध्यात अडकतात. जागा साफ होते आणि तिथे पोचायला रस्ता नसतो.

प्रत्यक्ष सफाई

कामाचा आराखडा ॲटकिन्स या अभियांत्रिकी सल्लागार कंपनीचा. उत्तर भागाचे ठेकेदार मॉरिसन कन्स्ट्रक्शन, दक्षिणेचे बीएएम नट्टल. पहिली अडचण अशी की ताबा मिळेपर्यंत चालू कारखान्यांच्या आवारात बोअर घेता येत नव्हते. त्यामुळे सुरुवातीचा अंदाज जुन्या नकाशांवर आणि रस्त्याकडेच्या थोड्या चाचण्यांवर उभा होता. नंतर तीन हजारांहून अधिक ठिकाणी बोअर आणि चाचणी खड्डे झाले.

निकष ठरवताना ‘स्वच्छ माती’ अशी एकच व्याख्या धरली नाही. दूषक पदार्थ, त्याचा मार्ग आणि ज्याला इजा होईल तो, या तिघांची साखळी कुठे तुटते ते पाहायचे. घराच्या बागेतल्या वरच्या थरात मूल माती तोंडात घालू शकते, म्हणून तिथे शिशाची मर्यादा कडक. रस्त्याखाली तीन मीटरवर तेच शिसे पाण्यात उतरत नसेल तर राहिले तरी चालते. भविष्यातला वापर माहीत असल्याशिवाय हे आकडे ठरतच नाहीत. ओडीएला प्रत्येक तुकड्याचे खेळांच्या वेळचे आणि नंतरचे असे दोन्ही वापर आधी कागदावर घ्यावे लागले.

वरचा ६०० मिलिमीटरचा थर सर्वत्र माणसाच्या संपर्काला सुरक्षित अशा मातीचा. त्याच्याखाली ठळक रंगाचे खूण-कापड. त्याखाली साधा भराव, ज्याला खोलीप्रमाणे सैल निकष. नंतर कोणी खोदताना ते कापड लागले की फावडे थांबवायचे, ही त्यामागची साधी कल्पना.

खोदलेली माती जागेवरच्या दोन ‘माती रुग्णालयांत’ जायची. एकूण खोदाई वीस लाख घनमीटरच्या पुढे आणि त्यातली ऐंशी टक्क्यांहून जास्त माती तिथेच परत वापरली गेली. मुख्य यंत्रणा माती धुण्याची, अशी पाच यंत्रे होती. आधी मोठे दगड, विटा, लोखंड चाळून वेगळे. मग पाण्याच्या जोरदार झोतात घासणी. दूषक पदार्थ बहुतेक करून बारीक कणांना, म्हणजे ६३ मायक्रॉनपेक्षा लहान गाळाला आणि चिकणमातीला, चिकटतात. म्हणून खडी आणि वाळू धुऊन निघते, आणि विष गाळाच्या लगद्यात गोळा होते. तो दाबून त्याची वडी करायची आणि ती अधिकृत कचराभूमीत पाठवायची. ही पद्धत वाळूदार मातीत उत्तम चालते. मातीत बारीक कण तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेले की वडीच इतकी होते की धुण्यात अर्थ उरत नाही. ली खोऱ्यातला गाळाचा थर असाच, त्यामुळे खोदतानाच थर वेगळे ठेवणे हे यंत्रापेक्षा महत्त्वाचे काम होते. खोदाई यंत्राच्या चालकाने गाळ आणि खडी एका ढिगात टाकली की पुढचे सगळे बिघडले.

तेलाने माखलेल्या मातीसाठी जैविक उपचार: ढीग रचून हवा, ओलावा आणि नत्र-स्फुरद द्यायचे आणि जिवाणूंना काम करू द्यायचे. डिझेलसारखे हलके तेल काही आठवड्यांत उतरते. डांबरातली जड संयुगे हट्टी असतात, आणि धातूंवर जिवाणूंचा काही उपाय नाही. थंडीत ढीग मंदावतात, पावसात चिखल होतो. म्हणून वेळापत्रकात हिवाळा मोजताना उन्हाळ्याचे दर धरायचे नसतात. जी माती धुण्यात आणि जैविक उपचारात बसत नव्हती तिच्यात सिमेंट किंवा चुना मिसळून विष बांधून टाकले.

भूजलाला वेगळा उपाय होता. काही ठिकाणी भूमिगत भिंती घालून प्रवाह अडवला, काही ठिकाणी पाणी उपसून शुद्ध केले, काही ठिकाणी जमिनीतच औषध सोडले. पुढे इमारतींचे पाइल (पायाचे खोल खांब) खाली जाताना वरचे विष खडूच्या थरातल्या पाण्यात उतरू नये म्हणून प्रत्येक पाइल-कामाला स्वतंत्र धोका-तपासणी लागली. जपानी नॉटवीड ही झपाट्याने फोफावणारी वनस्पतीही एक डोकेदुखी. नखाएवढा मुळाचा तुकडा रुजतो, म्हणून तिची माती वेगळी खोदून, औषध मारून, खोल पुरावी लागली.

सगळी घाण उचलून बाहेर का नेली नाही? साधे गणित करू. दहा लाख घनमीटर माती म्हणजे घनमीटरला १.८ टन धरून १८ लाख टन. वीस टनी ट्रकच्या नव्वद हजार फेऱ्या, आणि तितक्याच फेऱ्या बाहेरून भराव आणायला. त्यात कचराभूमी कर: २००७-०८ मध्ये टनाला २४ पौंड, पुढच्या वर्षी ३२, मग ४०, दरवर्षी ८ ने चढता. दूषित जमिनीच्या मातीला या करातून सूट होती, पण तिचे नवे अर्ज ३० नोव्हेंबर २००८ ला बंद झाले आणि ती ३१ मार्च २०१२ ला संपली. पूर्ण दराने १८ लाख टनांचा करच ३२ पौंडांप्रमाणे ५.७६ कोटी होतो, वाहतूक आणि कचराभूमीचे शुल्क वेगळे. अनुदानाने जे होत नव्हते ते या कराने घडवून आणले: माती जागेवर साफ करणे स्वस्त ठरले. सार्वजनिक निधीची रचना करणाऱ्यांनी या बाजूकडे जास्त पाहावे असे आमचे मत आहे. घाण फेकणे महाग केले तर सफाईला द्यावा लागणारा पैसा कमी होतो.

कुठे चुकते

अशा कामात चूक बहुतेक वेळा सफाईत होत नाही, सफाईनंतर होते. साफ केलेली जमीन पुढच्या ठेकेदाराच्या ताब्यात जाते. तो पाण्याच्या नळासाठी चर खणतो, खूण-कापडाच्या खालची माती वर टाकतो आणि तीच चरात परत लोटतो. सहाशे मिलिमीटरचा थर त्या पट्ट्यात संपला. उपाय एकच: प्रत्येक ताबा-बदलाच्या वेळी थराची जाडी मोजून नोंद, चरातल्या मातीचे दोन वेगळे ढीग, आणि चर भरल्यावर त्या पट्ट्यातली माती पुन्हा तपासून घेणे. हा खर्च सफाईच्या ठेक्यात नसतो आणि बांधकामाच्याही नसतो, म्हणून तो टाळला जातो. दुसरी चूक ढिगांची. खोदलेली माती २० ते ३० टक्के फुगते, तपासणीचा अहवाल यायला दिवस लागतात, आणि तोवर ढीग ठेवायला जागा हवी. जागा कमी पडली की तपासणीआधीच माती हलवली जाते आणि कोणता ढीग कुठला हे हरवते.

मुंबईतल्या देवनार कचराभूमीसाठी यातून जे घेता येईल त्याला मर्यादा आहे. १९२७ पासून कचरा पडत आलेल्या त्या जागेतले १२४ एकर धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. मे २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने सुमारे १८५ लाख टन कचरा हटवण्यासाठी २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली, म्हणजे टनामागे साधारण १,२८० रुपये. घरगुती कचरा कुजतो, मिथेन सोडतो, वर्षानुवर्षे खचतो. ली खोऱ्यातला औद्योगिक भराव बहुतांशी तसा नव्हता. त्यामुळे सहाशे मिलिमीटरचा थर टाकून देवनारवर घरे बांधता येणार नाहीत. तिथे कचरा पूर्ण निघाल्याची आणि खालच्या मातीची व भूजलाची स्वतंत्र खातरजमा लागेल. लंडनकडून घेण्यासारखी गोष्ट तांत्रिक कमी आणि हिशेबाची जास्त: सफाईचा पैसा महापालिकेचा असेल, तर वाढलेल्या भावातला तिचा वाटा आधी लिहून घ्यावा लागतो.

परतीचा हिशेब

लंडनने तो लिहून घेतला होता. जमीन विकून येणाऱ्या पैशातून आधी जमीनखरेदीचा खर्च फेडायचा आणि पुढच्या टप्प्यांत लॉटरीला ६७.५ कोटी पौंड परत द्यायचे, असे २००७ मध्येच ठरले. लॉटरीचा पैसा धर्मादाय संस्था, कला आणि क्रीडा यांच्या वाट्यातून वळवलेला असल्याने हे वचन महत्त्वाचे होते. त्याची मुदत मात्र विक्रीच्या गतीवर सोडलेली होती, आणि तिथेच ते मऊ पडले.

पहिला धक्का क्रीडाग्रामाला बसला. विकासक लेंड लीज खासगी भांडवल आणणार होता. २००८ च्या आर्थिक संकटात बँकांनी हात आखडता घेतला आणि मे २००९ मध्ये सरकारने गाव पूर्णपणे सार्वजनिक पैशाने बांधायचे ठरवले. आकस्मिक निधीतून ३२.४ कोटी गेले. गावातली २,८१८ घरे. त्यातली १,३७९ परवडणारी घरे ट्रायथलॉन होम्स या गृहनिर्माण संस्थेने २६.८ कोटींना घेतली, बाकीची १,४३९ आणि शेजारचे भूखंड २०११ मध्ये कतारी दियार आणि डेलॅन्सी या गुंतवणूकदार कंपन्यांना ५५.७ कोटींना गेले. गावावरचा खर्च आणि वसुली यांत सुमारे २७.५ कोटींचा फरक सार्वजनिक तिजोरीने सोसला. बाजार पडलेला असताना विकले म्हणून टीका झाली. पण रिकामी घरे सांभाळण्याचा खर्च आणि २०१२ नंतरची अनिश्चितता पाहता विक्री चुकीची नव्हती. चूक अशी की पुढे भाव चढल्यास त्यातला मोठा हिस्सा परत घेण्याची सोय आधीपासून, विकासक निवडतानाच, घट्ट बांधायला हवी होती. संकटात वाटाघाटीला बसलेल्या सरकारला ती मिळत नाही.

स्टेडियमचे रूपांतर हे दुसरे गळतीचे ठिकाण. त्यावर ३२.३ कोटी खर्च झाले. मुख्य भाडेकरू वेस्ट हॅम युनायटेडने एकरकमी दिले १.५ कोटी आणि वर्षाचे भाडे २५ लाख पौंड. साफ केलेल्या जमिनीवरची सर्वांत ठळक इमारत दरवर्षी मालकालाच पैसे मागते.

एप्रिल २०१२ मध्ये जमीन आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये नियोजनाचे अधिकार लंडन लेगसी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या सार्वजनिक संस्थेकडे गेले. उद्यान एप्रिल २०१४ मध्ये पूर्ण खुले झाले. एकाच संस्थेकडे जमीन आणि परवानगी दोन्ही असण्याचा फायदा इथे दिसला: चोभम मॅनरची घरे, ईस्ट बँक या भागात युनिव्हर्सिटी कॉलेज, सॅडलर्स वेल्स हे नृत्यनाट्यगृह आणि व्ही अँड ए हे संग्रहालय यांच्या इमारती टप्प्याटप्प्याने आल्या. पण विद्यापीठाला आणि संग्रहालयाला दिलेल्या जागेतून खुल्या बाजारातल्या घरांइतका पैसा येत नाही, उलट आणखी सरकारी निधी लागला. शहरासाठी ही निवड योग्य असेलही. लॉटरीच्या परतीचा दिवस मात्र तितका लांबला.

डिसेंबर २०२४ मध्ये नियोजनाचे अधिकार चार बरोंकडे परत गेले. आता एखाद्या भूखंडावर कोणी आधी न ठरलेले तळघर खणायला निघाला, तर त्याला खूण-कापडाच्या खाली जावे लागेल. तिथला भराव २००८ च्या निकषांनी आणि तेव्हाच्या वापरासाठी ठेवलेला आहे. नवी तपासणी, मातीची विल्हेवाट आणि थर परत घालण्याचा खर्च त्या खणणाऱ्याचा; पण ती अट त्याच्या परवानगीत घालायची तर बरोच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर त्या तुकड्याची मूळ पडताळणीची फाइल असावी लागते, थराच्या जाडीच्या नोंदींसकट.